नेपथ्याकडून खाजणाकडे: सेट रंगवणाऱ्या हातांनी मुंबईच्या पाणथळ जागा कशा रंगवाव्यात

हा लेख नाटकाचे सेट करणाऱ्यांसाठी आहे. फ्लॅट (कापडी चौकटीच्या भिंती), लेव्हल (चौथरे), विंगा (बाजूचे आडोसे), सायक (मागचा आभाळाचा पडदा) यांच्यात वर्षं गेली आणि आता उघड्यावर बसून शिवडीचा चिखल किंवा भांडुपची मिठागरं रंगवावीशी वाटतात, अशांसाठी. वाट नवी नाही. इंग्लंडमधले क्लार्कसन स्टॅनफिल्ड आणि डेव्हिड रॉबर्ट्स आधी थिएटरचे पडदे रंगवायचे, पुढे एक समुद्राचा चित्रकार झाला आणि दुसरा प्रवासातल्या निसर्ग-वास्तूंचा. आपल्याकडे कोल्हापूरचे बाबूराव पेंटर संगीत नाटकांचे पडदे रंगवत. तरी सेटवाला पहिल्यांदा खाडीकाठी बसतो तेव्हा चित्र हमखास पडद्यासारखं होतं. ते का होतं आणि कसं टाळायचं, हे पुढे क्रमाने दिलं आहे.

१. सोबत काय न्यायचं, गोदामात काय ठेवायचं

तुमच्याकडे तीन गोष्टी अशा आहेत ज्या कलाशाळेतून थेट आलेल्याकडे सहसा नसतात. ग्राउंड प्लॅन (वरून दिसणारा आराखडा) काढता येतो, जागेचा सेक्शन (उभा छेद) डोक्यात उभा राहतो आणि एकामागे एक थर लावून खोली दाखवायची सवय आहे. पाणथळ जागा म्हणजे थरच: पुढे ओला चिखल, मग पाण्याची पट्टी, मग तिवरांची (खारफुटीच्या झाडांची) रांग, मागे पूल किंवा इमारती, शेवटी आभाळ.

सोडायच्या सवयी चार:

- दोन्ही बाजूंना विंगा लावणं. डावीकडे एक झाड, उजवीकडे एक झाड, मधे पाणी. खाजणाला, म्हणजे खाडीकाठच्या खारट दलदलीला, विंगा नसतात, ते दोन्हीकडे चालतच राहतं.
- पंधराव्या रांगेसाठी रंगवणं. सेटवर गडद रेघ आणि ठळक सावली लागते, कारण प्रेक्षक तीस-चाळीस फुटांवर असतो. भिंतीवरचं चित्र लोक दोन फुटांवरून बघतात.
- अंबर लाइट गृहीत धरून रंग निवडणं. पिवळट प्रकाशात निळे-हिरवे मरतात म्हणून सेटवर ते चढे लावतात. तोच हात कागदावर चालवला की तिवरं प्लॅस्टिकची दिसतात.
- प्रकाश थांबेल अशी अपेक्षा. सूर्य तासाला १५ अंश सरकतो आणि डिमर आपल्या हातात नाही.

२. आधी तिथी, मग तारीख

नवखा माणूस सुट्टीचा वार बघून निघतो आणि पोचल्यावर पाहतो तर सगळा चिखल पाण्याखाली. खाडीवर तिसरी घंटा भरती देते.

मुंबईत दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, आणि रोज साधारण पन्नास मिनिटांनी वेळ पुढे सरकते. कोळीवाड्यातला जुना हिशोब असा: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. अष्टमी, म्हणजे आठ गुणिले पाऊण, सहा वाजता भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. तासाभराची चूक धरूनच चाला. नेमकी वेळ हवी तर अपोलो बंदरचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा, आणि ऐरोली-भांडुपकडे, म्हणजे खाडीत आत, पाणी त्याहून उशिरा पोचतं हे लक्षात ठेवा.

यातून चित्रकाराच्या कामाचा नियम निघतो:

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास (उधाण): सहाच्या सुमारास ओहोटी, म्हणजे सकाळच्या आणि संध्याकाळच्या कोवळ्या उन्हात चिखल उघडा. विस्तीर्ण सपाटी, चिखलातल्या नागमोडी ओहोळांच्या रेघा आणि चरणारे पक्षी हवे असतील तर हे दिवस.

अष्टमीच्या आसपास (भांग): सकाळी-संध्याकाळी पाणी भरलेलं, दुपारी चिखल. प्रतिबिंबं हवी असतील तर हे दिवस. दशमी-एकादशीला तर सकाळी साडेसात-सव्वाआठला पाणी काही वेळ जवळजवळ स्थिर उभं राहतं. वारा पडलेला असेल तर याहून सोपा आरसा मिळणार नाही.

आणखी एक हिशोब. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या आणि शेवटच्या तासात जेमतेम बारावा हिस्सा हलतो, मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं किंवा जातं. उधाणाला मुंबईत चढउतार चार मीटरच्या वर जातो, म्हणजे मधल्या दोन तासांत दोन मीटर. सपाट चिखलावर हे पाणी बघता बघता पुढे येतं आणि अर्धं रंगवलेलं दृश्य बुडून जातं. म्हणून चित्र भरती किंवा ओहोटीच्या टोकाच्या आगेमागे तासभर असं बसवा. मधल्या दोन तासांत फक्त पेन्सिलीची टिपणं.

नाटकाचे प्रयोग शनिवार-रविवारी असतात. म्हणून मंगळवार ते गुरुवारच्या सकाळी तिथी जुळवून घ्या. नेपथ्याची कामं लगेच सोडण्याची गरज नाही. पहिल्या वर्षी सोडू तर नयेच.

३. जागा, दिशा आणि परवानग्या

शिवडीची जेटी: समोर खाडी पूर्वेला, त्यामुळे सकाळी उन्हाच्या विरुद्ध बघावं लागतं आणि पक्षी, खांब, होड्या सगळं काळ्या आकृत्यांत दिसतं. दुपारनंतर ऊन पाठीमागून येतं आणि रोहित पक्ष्यांचा (फ्लेमिंगोंचा) गुलाबी रंग खरा दिसतो. चढत्या पाण्याबरोबर हे पक्षी काठाकडे ढकलले जातात, त्यामुळे भरतीआधीचे दोन तास पक्ष्यांच्या रेखाटनांना चांगले. २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेला अटल सेतू इथूनच निघतो. त्याला चित्रातून वगळायचा मोह होतो. वगळू नका, दूरच्या थराला मोजपट्टी म्हणून तो फार उपयोगी पडतो. जेटीकडचा रस्ता बंदराच्या हद्दीतून जातो, तेव्हा गेटवर विचारूनच आत जा.

ऐरोली: ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आलं. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून हंगामात बोटफेऱ्या निघतात, वेळा भरतीवर ठरतात, आगाऊ नोंदणी करावी लागते. बोट हलते, शेजारी माणसं असतात. तिथे चित्राचा स्टँड लावायचा विचार सोडा, खिशातली वही पुरे. काठ पश्चिमेला तोंड करून असल्याने इथली संध्याकाळ म्हणजे शिवडीची सकाळ.

भांडुप-कांजूर-मुलुंडची मिठागरं: चौकोनी वाफे, बांध, मधे मिठाचे ढीग. ज्याने आयुष्यभर ग्रिड टाकून सेट रंगवले त्याला हा विषय हातचा आहे. पावसाळ्यानंतर बांध दुरुस्त होतात आणि मीठ उन्हाळ्याकडे ओढलं जातं. जिथे मीठ पिकतं तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय बांधावर पाय ठेवू नका. मातीचा बांध ओला असेल तर टाचेनेही ढासळतो, आणि ते त्याचं पोट आहे. भांडुप उदंचन केंद्राचा (पंपिंग स्टेशनचा) परिसर महापालिकेचा आहे, तिथे प्रवेश गेटवरच ठरतो.

नेरूळचे तलाव: खाडीत भरती आली की पक्ष्यांना उभं राहायला चिखल उरत नाही, तेव्हा ते इथल्या उथळ पाण्यात येतात. भरतीच्या वेळी शिवडीत बसून हताश होण्यापेक्षा इकडे या.

रोहित साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेपर्यंत असतात. पण फक्त त्यांच्यासाठी जाऊ नका. जूनमधलं खाजण रंगाने जास्त श्रीमंत असतं आणि तिथे गर्दीही नसते.

सोबत ठेवायची कागदपत्रं: आधार किंवा दुसरं ओळखपत्र, त्याची एक झेरॉक्स, आणि एका पानाचं साधं पत्र, ज्यात नाव, फोन, ‘जागेवर बसून जलरंगात चित्र काढणार, चित्रीकरण नाही, ड्रोन नाही’ एवढंच. सुरक्षारक्षकाला मोठ्या बॅगेत कॅमेरा असेल ही शंका असते, म्हणून बॅग स्वतःहून उघडून दाखवा. खारफुटीला संरक्षण आहे. दृश्यात आड येणारी फांदी मोडणंही चालत नाही, जागा बदला. शिवाय फुंगळीसारख्या झाडाचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर फार जळजळतं.

४. सामान

कागद: ३०० जीएसएमचा, सुती, मध्यम खरखरीत. २२ × ३० इंचांचा पूर्ण ताव घ्या आणि ३० इंचाच्या बाजूचे चार समान भाग करून ७.५ × २२ इंचांच्या चार पट्ट्या काढा. उंचीच्या जवळजवळ तिप्पट रुंदी. रंगमंचाची चौकट साधारण एकास दोनच्या घरात असते, तिची सवय मोडायला ही पट्टी सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

रंग, सातच: अल्ट्रामरीन, सेरुलियन, यलो ऑकर, रॉ सिएना, बर्न्ट सिएना, लेमन यलो, आणि एक गुलाबी. गुलाबी घेताना ट्यूबच्या मागे रंगद्रव्याचा क्रमांक वाचा. पीआर ८३ लिहिलं असेल तर तो अस्सल अलिझरिन, तो उजेडात उडतो. पीव्ही १९ घ्या. काळा आणि तयार हिरवा विकतच घेऊ नका, घरी असतील तर घरीच राहू द्या.

ब्रश: एक दोन इंची सपाट, एक १२ नंबरचा गोल, एक ६ नंबरचा, एक लांब केसांचा बारीक. सेटचा चार इंची ब्रश आणायचाच असेल तर आभाळाच्या वॉशसाठी (पातळ रंगाच्या सलग थरासाठी) आणा, हात ओळखीचा राहतो.

पाणी: पिण्यासाठी दोन लिटर, रंगासाठी वेगळं दोन लिटर. खाडीचं पाणी कधीही वापरू नका. मिठाचे स्फटिक कागदावर ठिपके पाडतात, ते दमट हवेत ओल ओढत राहतात आणि ब्रशचा पत्रा गंजतो.

छत्री पांढरी किंवा राखाडी. निळी छत्री म्हणजे कागदावर निळा जेल (दिव्यापुढची रंगीत फिल्म) टाकल्यासारखं, घरी आल्यावर सगळं चित्र पिवळं निघतं. स्टँडला अडकवायला रिकामी कापडी पिशवी: जागेवर दगड भरा, जाताना ओता. दुपारी खारा वारा सुटला की वजनाशिवाय स्टँड उभा राहत नाही. गमबूट, टोपी, डासांचं मलम. आणि एक फूटपट्टी, ती का ते पुढे.

एक सापळा सेटवाल्यांचा खास: घरात उरलेला भिंतीचा इमल्शन आणि मांजरपाट. तालमीसाठी वापरा, विकायच्या चित्रासाठी नाही. सरस लावलेल्या मांजरपाटाला मुंबईच्या एकाच पावसाळ्यात बुरशी धरते, आणि जाड इमल्शन गुंडाळलं की तडकतं. वाळण्याचा फरकही लक्षात घ्या: डिस्टेंपर वाळून बराच फिका होतो, जलरंग थोडा फिका होतो, अ‍ॅक्रिलिक उलट गडद होतं. अ‍ॅक्रिलिक हाताला इमल्शनसारखं लागतं म्हणून सेटवाले तिकडे वळतात आणि तिथेच फसतात. त्यात ते उन्हात पॅलेटवरच सुकून बसतं.

५. क्षितिज आणि चिखल: फूटपट्टीचा धडा

सगळ्यात जास्त चित्रं इथे बिघडतात. पाण्याचा ओहोळ वरून पाहिल्यासारखा काढला जातो, मग पाणी आडवं पसरण्याऐवजी पडद्यासारखं उभं राहतं.

उपाय तुमच्या धंद्यातलाच आहे. आधी वहीत दृश्याचा ग्राउंड प्लॅन काढा: तुम्ही कुठे, बांध किती अंतरावर, ओहोळ कुठून वळतो, तिवरं कुठे सुरू होतात. अंतर पावलांनी किंवा अंदाजाने लिहा. मग हा हिशोब लावा. तुम्ही सपाटीवर उभे आहात, डोळा दीड मीटरवर, आणि कागद डोळ्यांपासून अर्ध्या मीटरवर. तर क्षितिजाच्या रेघेखाली:

६ मीटरवरचा चिखल १२.५ सेंमी खाली येतो,
१० मीटरवरचा ७.५ सेंमी,
३० मीटरवरचा २.५ सेंमी,
१०० मीटरवरचा पाऊण सेंमी,
३०० मीटरवरचा फक्त अडीच मिलिमीटर.

म्हणजे तीस मीटरच्या पलीकडचा सगळा पसारा, सगळी वळणं, सगळे थवे, अडीच सेंमीच्या पट्टीत बसवायचे आहेत. दूरचं वळण तिथे वळण राहतच नाही, आडवी चिंध्यांसारखी रेघ होते. कागदाच्या पट्टीवर आभाळाला सहा-साडेसहा सेंमी ठेवा, क्षितिजाची रेघ मारा, फूटपट्टीने या पाच खुणा कडेला करा आणि मग रेखाटा. दहा-बारा चित्रांनंतर फूटपट्टी लागत नाही.

स्टुलावर बसलात की डोळा एक मीटर दहावर येतो आणि दहा मीटरची खूण साडेसातवरून साडेपाचवर चढते. म्हणून रेखाटन उभं राहून आणि रंगकाम बसून, असं करू नका.

पक्ष्यांचं माप यातूनच निघतं. लहान रोहित साधारण ९० सेंमी उंच. डोळा दीड मीटरवर असेल तर तो कितीही दूर उभा असो, त्याच्या पायांपासून क्षितिजापर्यंतच्या अंतराचा तीन पंचमांश भाग तो व्यापतो. डोकं क्षितिजाच्या वर जात नाही. बांधावर चढलात आणि डोळा साडेतीन मीटरवर गेला, तर तो जेमतेम एक चतुर्थांश उरतो. शंभर मीटरवरचा पक्षी कागदावर साडेचार मिलिमीटर. बहुतेकांचे पक्षी याच्या तिप्पट असतात, आणि मग खाडी हौदाएवढी दिसते.

६. रंग कसे मिसळायचे

चिखल: अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. ओल्या चिखलाला निळा जास्त, वाळलेल्याला सिएना आणि भरपूर पाणी. ओला चिखल आभाळ परतवतो, वाळलेला परतवत नाही. एवढा एक फरक नीट दाखवला तर ओहोटी किती वेळापूर्वी लागली तेही चित्रात दिसतं.

तिवर: मुंबईत खारफुटी म्हणजे मुख्यतः तिवर, आणि त्याच्या पानाची खालची बाजू फिकी राखट असते. वारा आला की अख्खी रांग करडी पडते. अल्ट्रामरीन अधिक यलो ऑकर, त्यात कणभर बर्न्ट सिएना. जवळच्या रांगेत ऑकर वाढवा, दूरच्या रांगेत सेरुलियन आणि पाणी. चिखलातून वर आलेली पेन्सिलीसारखी श्वासमुळं एकेक काढत बसू नका. अगदी पुढच्या दोन-तीन मीटरात वीस-पंचवीस काढा, मागे कोरड्या ब्रशचा एक फटकारा.

पाणी: दूरचं पाणी आभाळ दाखवतं, पायाजवळचं पाणी तळाचा चिखल दाखवतं. म्हणून वॉश वरून खाली गडद आणि तपकिरी होत यावा. प्रतिबिंब नेहमी सरळ खाली, तुमच्याकडे येतं. सावली उन्हाप्रमाणे तिरकी जाते. दोन्ही एकाच दिशेने काढली की ते सेटवरचं पाणी. गडद वस्तूचं प्रतिबिंब किंचित फिकं, फिक्या वस्तूचं किंचित गडद. आणि सेक्शन आठवा: तिवरांची रांग पाण्यापासून बरीच मागे, उंच काठावर असेल, तर पाण्यात फक्त शेंडे दिसतात.

रोहित: गुलाबी खूप पातळ, त्यात ऑकरचा थेंब. सगळा थवा एकसारखा गुलाबी कधीच नसतो, पिल्लं मळकट राखाडी असतात. लाल-काळे पंख उडतानाच उघडतात. लहान रोहिताची चोच गडद लाल, मोठ्याची गुलाबी आणि टोकाला काळी, पण पन्नास मीटरपलीकडे ती दिसते म्हणून नका रंगवू. पांढरे बगळे आणि मिठाचे ढीग यांच्यासाठी कोरा कागदच ठेवा. मास्किंग फ्लुइड (कागद कोरा ठेवायला लावतात तो रबरी द्रव) उन्हात तासन् तास ठेवलं की निघताना कागद सोलतं.

७. जागेवरचे दोन तास

पहिली दहा मिनिटं काहीच रंगवू नका. तीन छोटी चौकटी रेखाटनं, फक्त तीन टोन (गडद-फिकेपणाच्या पायऱ्या): आभाळ, चिखल, गडद रांग. त्यातलं एक निवडा. मग सावल्यांची दिशा बाणाने कडेला लिहून ठेवा, कारण दोन तासांत सूर्य ३० अंश सरकणार आहे आणि तुम्ही नकळत त्याच्या मागे जाणार आहात.

पुढची पंधरा मिनिटं रेखाटन. मग आभाळ आणि पाणी एकाच ओल्या वॉशमध्ये, दोन्ही एकच रंग असल्यासारखे. हिवाळ्याच्या सकाळी तो पंधरा-वीस मिनिटांत वाळतो, जुलैत तासभरही ओलसर राहतो. पावसाळ्यात म्हणून एका वेळी दोन पट्ट्या लावून आलटून पालटून काम करा. त्यावर दूरची रांग, मग चिखल, मग पुढचं. पक्षी शेवटी, दहा मिनिटांत.

चिखलात उतरू नका. वरून घट्ट दिसतो, गुडघ्यापर्यंत धरतो. बांधावरून पुढे जाताना मागच्या वाटेची सगळ्यात खोलगट जागा बघून ठेवा: पाणी चढताना तीच आधी तुटते. चढत्या पाण्यात एकटे असाल तर सामान गुंडाळायला पंधरा मिनिटं धरून उठा.

नेपथ्यात काम प्रयोगाच्या तारखेला संपतं, चांगलं असो वा नसो. इथे तारीख नाही, म्हणून हात थांबत नाही आणि घरी बसून चित्र ‘सुधारलं’ जातं. घरी फक्त कडेचे डाग आणि सही.

८. चित्रं जमली की

वीस-पंचवीस पट्ट्या झाल्या की त्यातून एकाच जागेच्या किंवा एकाच भरतीच्या बारा निवडा. फोटो ढगाळ उजेडात, समोरून, कडा दिसतील असे काढा. बॉम्बे आर्ट सोसायटी (स्थापना १८८८) आणि आर्ट सोसायटी ऑफ इंडिया (१९१८) यांची वार्षिक प्रदर्शनं नवख्याला खुली असतात. सुरुवात तिथून. जहांगीर आर्ट गॅलरीला (१९५२) अर्ज लवकर टाका, कारण तारीख मिळायला वर्षं जातात. अर्जात सेटचे फोटो भरू नका, निवड करणाऱ्याला दोन माणसं दिसतात. परिचयात नेपथ्याची एक ओळ पुरे.

फ्रेम करताना आम्लविरहित माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) घ्या आणि काच कागदाला टेकू देऊ नका. मधे माउंटची जाडी हवीच, नाहीतर ओल साचून कागद काचेला चिकटतो. न विकलेल्या पट्ट्या मेअखेर सपाट फाइलमध्ये, प्रत्येक दोघींमध्ये बटर पेपर आणि सिलिका जेलच्या पुड्या घालून, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये महिन्यातून एकदा उघडून वास घ्या. कुबट वास आला की पट्ट्या पंख्याखाली दिवसभर पसरा आणि पुड्या बदला.